सहा अंकांत एकच जॅकेट

ग्रिम्सबीच्या कॉलेजात छपाईची खोली जिन्याखाली आहे.
तिथे मी.
मार्च आला की माध्यम-अभ्यासाची पोरं
आपापलं मासिक पेन ड्राइव्हवर घेऊन येतात,
म्हणजे एक मुखपृष्ठ, एक अनुक्रमणिका, आत दोन पानं मुलाखत.
संगीताचं मासिक. वाचक काल्पनिक,
बारकोड बिस्किटाच्या पुड्यावरून उचललेला.
नावं 'स्टॅटिक', 'रॉ', 'बेसमेंट'.
आमच्या गल्लीत तळघर नाही कुणाकडे,
दोन फूट खणलं की पाणी लागतं.

मशीन एकेक पान बाहेर सारतं, कोमट,
आणि प्रत्येक पानावरून कुणीतरी रागाने बघतं माझ्याकडे.
हनुवटी खाली, डोळे वर, मागे विटांची भिंत.
भिंत सायकल स्टँडची आहे.
डावीकडे कचऱ्याचा डबा होता, तो कापलाय.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
सहा अंकांत एकच जॅकेट.
काळं, चामड्याचं, डाव्या कोपराला उसवलेलं.
कॉनरला आखूड,
ब्रॉनीच्या बाह्या पार बोटांवर,
डोमांतासला मात्र मापात.
तो शनिवारी पहाटे काकाबरोबर मासळीबाजारात बर्फ फोडतो
आणि त्याच्या छातीवरून आडवं छापलंय:
'मला कशाचीच पर्वा नाही'.

सोबत एक प्रश्न सोडवायचा असतो:
तुमच्या मासिकाने तरुणांचं चित्रण कसं केलं?
उत्तरं मीच छापतो, म्हणून वाचतो.
'तरुण बंडखोर असतात, म्हणून अक्षर लाल घेतलं.'
'तरुण बंडखोर असतात, म्हणून टोपी डोळ्यांवर ओढली.'
खाली पेन्सिलने माझ्यासाठी चिठ्ठी:
दोन्ही बाजूंनी छापाल का प्लीज, सॉरी, थँक यू.

मी हसू नये.
मिरजेला अकरावीत आम्ही हस्तलिखित काढायचो,
मुखपृष्ठ माझ्याकडे.
मी तरुण काढला: हातात मशाल, छाती पुढे, समोर उगवता सूर्य.
पुढच्या वर्षी परत तोच, फक्त मशाल मोठी.
मशाल आमच्यात कुणी जवळून पाहिली नव्हती.
दस्तगीर संध्याकाळभर सतारमेकर गल्लीत
तंबोऱ्याचे भोपळे तासायचा,
वर्गात त्याच्या कोपरांवर भुस्सा असायचा.
त्याला नाही म्हटलं कुणी, ऊभ रहा जरा, तुला काढतो.

मग इफ्फत आली.
तिच्या पानावर मैत्रीण,
चर्चच्या बँडमध्ये ट्युबा वाजवणारी,
दातांना तारा, खदखदून हसताना,
हात तोंडाकडे निघालेला
पण उशीर झालेला.
मास्तर म्हणाले, 'गोड आहे.
पण ॲटिट्यूड कुठाय? दुकानात कोण उचलेल?'
दुसऱ्या दिवशी नवा फोटो:
जॅकेट, भिंत, ओठ मिटलेले.
'ट्युबा?' मी विचारलं.
'शीर्षकांना जागा हवी होती.'
'तुला कुठलं आवडतं?'
तिने खांदे उडवले. 'याला मार्क आहेत.'

चुकीच्या प्रती फाडून टाकायचा नियम आहे.
ती मी ठेवली. तसं विशेष काही नाही,
पाठकोरा कागद कामाला येतो.
तिच्या मागे मी टोनरची मागणी लिहिली आहे,
निळा दोन, काळा पाच.

सत्र संपलं, जॅकेट माझ्या खुर्चीवर राहिलं.
न्यायला कुणी आलं नाही.
कदाचित ते कुणाचंच नव्हतं.
खिशात बसचं तिकीट, खोकल्याच्या दोन गोळ्या,
ट्युबाच्या झडपांना लावायच्या तेलाची बाटली, अर्धी.

काल दिवे मालवण्याआधी
वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी ते घालून पाहिलं.
खांद्यात बसलं.
झेरॉक्सच्या काळ्या काचेत वाकून बघितलं
तर हनुवटी आधीच खाली गेली होती
आणि तोंड,
कुणी सांगितलं नव्हतं,
मिटलेलं.