फिलर

दांडिया बाजारातल्या पतपेढीची जुनी फाइल.
एकेक नोंद एकशे वीस बाइटांची,
मध्ये ना स्वल्पविराम, ना रेघ.
नकाशा फक्त निमकरांच्या वहीत:
नाव वीस, तारीख सहा,
आणि रक्कम अशी घट्ट दुमडलेली
की जमा की येणं
ते शेवटच्या अर्ध्या बाइटात कळतं.

मी तुकडे पाडते. तुकड्याला स्तंभ, स्तंभाला नाव.
आता टेबलाला कुणीही काहीही विचारावं.
चंद्रवदन मोहनला
विसाव्या रोमन अक्षराशी संपला होता,
तसाच राहू दिला.

शेवटची बारा घरं फिलर.
वहीत एवढंच: 'पुढेमागे लागतील.'
नकाशात त्यांना स्तंभ मिळत नाही.

तरी उघडून पाहिली.
नऊ हजार नोंदींत चार ठिकाणी
रोमन लिपीतलं मराठी,
कुठल्याच छापील यादीत न उमटलेलं:
मुलगा आजारी.
गिरणी बंद.
घाई नको.
आणि चंद्रवदनच्या पुढे,
मी भरतो.

एक स्तंभ वाढवला. नाव दिलं, शेरा.
'आ शुं?' कंसाराभाई पडद्यावर वाकले,
'आखी कॉलम खाली छे.'

म्हटलं, असू दे.
पुढेमागे लागेल.