वीतभर नळी

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी
(संध्याकाळ आपली म्हणायची; जानेवारीत ट्रॉम्सोला
दुपारही तशीच दिसते)
तोर्गाइरला माझं यंत्र बघायचं होतं.
चाळीस वर्षं मासेमारी बोटींची इंजिनं उघडली त्यानं.
आता माझंच उघडणार आहात,
तर पंप कुठला, तेवढं तरी कळू दे, म्हणाला.

मी दाखवलं.
उद्या तुझं हृदय थांबेल तेवढा वेळ हे फिरेल.
त्यानं नळीवर बोट फिरवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, गळती शोधावी तसं.
"सुरू व्हायच्या आधी किती पितं?"
दीड लिटर. खारं पाणी.
"आणि ते जातं कुठे?"
तुझ्यात.
"म्हणजे आधी माझं रक्त पातळ करायचं,
मग पातळ झालं म्हणून
दुसऱ्याचं उसनं आणायचं."

परिषदांमध्ये याचेच आलेख दाखवतात,
तासतासभर, काळोख करून.

"नळी एवढी लांब का?"
यंत्र भिंतीपाशी असतं म्हणून.
"आणि भिंतीपाशी का?"

पंधरा वर्षं मी तिथेच उभी होते.

सकाळी यंत्र ढकललं, टेबलाला खेटून.
एक चाक कुरकुरलं.
नळी कापली: इकडून वीत, तिकडून हात.
डॉक्टर हाल्वर म्हणाले, कोपर लागतंय.
लागू दे, म्हटलं.

तसं बरंच काही आधीच झालं होतं.
सहा आठवडे शिरेतून लोह.
तपासणीचं रक्त लहान मुलांच्या नळ्यांत घ्यायचं,
पळीऐवजी थेंब.
नळीवर अस्वलाचं चित्र होतं; तोर्गाइरनं ते
बायकोला दाखवायला मागून घेतलं.

मग त्याचंच रक्त नळीत हळूहळू सोडलं,
पुढचं पाणी मागे सरत सरत पिशवीत गेलं.
सांडलेलं शोषून, धुऊन, परत त्याला.
शेवटी नळीच्या पोटात उरलं होतं, तेही.
आणि छाती बंद करण्याआधी
वीस मिनिटं कुणी बोललं नाही:
एका टाक्याच्या मुळाशी
मुंगीएवढं लाल
पुसलं की पुन्हा येत होतं.
हाल्वर वाकून बघत राहिले.
मान दुखली असेल. थांबलं ते.

रात्री आकडा आला, आठ पूर्णांक एक.
एइलिफ नवा आहे, त्याचा हात फोनकडे गेला.
ओड्नी सिस्टर म्हणाली, कागद ठेव खाली.
नखं बघ. लघवी बघ. नाडी मोज.
आणि त्याला विचार की.
तोर्गाइरला विचारलं. त्याला कॉफी हवी होती.
आणि यंत्र अजून भिंतीपाशीच आहे का, ते.

दोन पिशव्या फ्रिजमध्ये तशाच राहिल्या.
कुणीतरी मंगळवारच्या जेवणाच्या सुट्टीत
बाही वर करून दिलेल्या,
वर चिकटपट्टी, हातात बिस्किट,
आणि पुन्हा दुकानाच्या गल्ल्यावर.
पुढे त्या कुणाला गेल्या, मला कळत नाही.

ही कंजुषी नव्हे.
पुढच्याच आठवड्यात एका बाईला चार लागल्या,
चारही दिल्या, धावत जाऊन आणल्या.
लागतं तेव्हा लागतंच.
मी फक्त त्या पाण्याबद्दल बोलतेय
जे आम्हीच घालत होतो.

तोर्गाइर अकराव्या दिवशी बोटीनं घरी गेला.
जाताना काही गोड बोलला नाही.
चाकाला तेल घाल, म्हणाला.

मी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आहे,
यंत्र कुठे उभं करायचं त्याची खूण.
सफाईवाले रोज रात्री
ते पुन्हा भिंतीला नेऊन लावतात,
कारण नेहमी तिथेच असतं.
मी रोज सकाळी ओढून आणते.