एक अक्षर

दादा सुट्टीवर आला तो नवतपाचा दुसरा दिवस.
पांढरकवड्याहून शेवटच्या बसनं,
खांद्यावर हिरवी ट्रंक,
डाव्या पायात लोकरीचा मोजा.
डांबर वितळून चपला चिकटत होत्या रस्त्याला
आणि हा मोजा काढीना.
रात्री झोपल्यावर मायनंच काढला.
दोन बोटं नव्हती.
तिनं उरलेली तीन मोजली, पुन्हा मोजली,
मोजा होता तसा चढवून ठेवला.

सकाळी अंबाडीचं सरबत देताना म्हणाली,
"धुऱ्यावरूनच भांडन ना, निळू?
मंग मोजनी काऊन नाई आनत सरकार?"
तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.
"मोजनीचा गोटा रोवाले जागा तं पायजे, माय.
तिथं नाला हाये. बर्फ फुटला का नाला सरकते,
नाला सरकला का देश सरकते."

मग थोडं थोडं सांगत गेला,
कूलरचा आवाज मोठा असला की.
एका सकाळी त्यांचा तंबू दिसतो, चार हात अलीकडं.
आपण जायचं, फलक धरायचा
त्यांच्या भाषेतला, आपल्याला न वाचता येणारा.
बंदूक पाठीवर, नळी खाली, गोळीला मनाई.
दिवस बुडेपर्यंत नुसती रेटारेटी,
पोळ्याचं तोरण तुटल्यावर होते तशी.
मग अंधार. मग दगड.

आणि एक पोरगा, टोप निघालेला,
आत्रामाच्या लहान्याएवढा, मिसरूड न फुटलेला.
काठावर दोघंच.
तो एक अक्षर ओरडला.
मग नाला.

"काय ओरडला?"
"गऽ. असं. गऽऽ."
आपण बाईमाणसाला हाक मारताना शेवटी लावतो ना,
माय गऽ, तसं.
दर वेळी जरा वेगळं म्हणायचा,
वर नेऊन, खाली सोडून,
चव आठवत असल्यासारखं.
"सगुणा, तू शिकेल हायेस. मोबाईलले इचार."

आमच्याकडं रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर.
अकराव्या पायरीवर बसून टाकलं ते अक्षर.
फोननं अर्थ दिले एकाखाली एक:
मोठा भाऊ
गाणं
पारवा
कापणं
ठेवून देणं

खाली दादा, मान वर, कपाळावर आडवा हात,
मोजा काळ्या मातीनं भरलेला.
पहिला अर्थ सांगणारच नव्हते,
तो तर मीच म्हणते त्याला रोज.
गाणं खोटं वाटलं असतं.
पारवा चालला असता, शाळेच्या छपरात ढीगभर आहेत,
पण मरताना कोण पारवा म्हणतं?
मी त्यातला बिनकाट्याचा निवडला.
"ठेवून दे," वरूनच ओरडले,
"ठेवून दे, म्हनत होता तो!"

दादानं उजवा हात पाहिला.
मिटला. उघडला.
तेव्हा कळलं मला
त्या रात्री त्या हातात काय होतं.

अकरा पायऱ्या.
उतरले तोवर तो वळला होता,
बाभळीच्या सावलीसावलीनं चालत,
लंगडतो हे पहिल्यांदाच दिसलं.

चार दिवस लवकर निघाला.
मायनं मोहाचे लाडू बांधले, जवसाची चटणी,
आणि लोकरीच्या मोज्यांचा नवा जोड,
दोन्ही पायांचा, पाचपाच बोटांचा.
फाट्यावर बस वळताना मी हाक मारली, दादा,
एवढंच, पुढं काही लावलं नाही.
खिडकीतून त्यानं हात केला.
पंजा पुरा उघडा, जरा जास्तच वेळ,
तलाशी देताना दाखवतात तसा.