कडी

मुलींच्या खोलीला कडी बाहेरून होती,
आश्रमशाळा बांधली तेव्हापासून. कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी भाकरीची बाई,
एकशे चाळीस ताटं, दोन चुली.

मला अक्षर येत नाही, ताट येतं.
कुणाला ताप आहे, कुणाला पाड्याची आठवण येतेय,
कुणी शेजारणीची भाजी ओढली,
खरकट्यावरून कळतं.
पाचवीतली एक पोर. नाव कोर्टात सांगितलं, इथे नाही.
पांढरी गाडी येऊन गेली की
तिचं ताट भरलेलंच परत यायचं.
डाळीवर साय. भाकरीला बोट लागलेलं नाही.

गाडी आबांची. संस्था आबांची,
जमीन, टँकर,
थंडीतल्या रजया त्यांच्या वाढदिवसाच्या.
"बंगल्यावर चहा घेऊन एक पोर पाठवा," अधीक्षक म्हणायचे,
आणि रांगेवरून बोट फिरायचं
बाजारात मिरची निवडावी तसं.

मी म्हटलं, चहा मी नेते.
"तुला कुणी बोलावलं?"
पुढच्या वेळी म्हटलं, पोरीला ताप आहे.
त्याच्या पुढच्या वेळी, न्हातेय.
चौथ्या वेळी खोटं सुचलं नाही.

त्या रात्री चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारली.
आधीच्या आठवून मारल्या. सात झाल्या.
मग शहाद्याच्या बाजारातून उखर्डू लोहाराला घेऊन आले.
"कडी मझार लाव," म्हटलं.
त्यानं दाराकडे पाहिलं,
दांडीवर वाळणाऱ्या इवल्या परकरांकडे पाहिलं,
आणि पैसे घेतले नाहीत.

दोन रात्रींनी दार हललं.
उंबऱ्याच्या आत मी आडवी.
"कोन शे?"
फटीतून बॅटरीचा उजेड, अत्तराचा वास.
"मी जागी शे," म्हटलं. "बठ्ठ्या पोरी जाग्या शेतस."
नव्हत्या.
पण मग एकेक उठून बसली,
अंधारात बांगड्या वाजत गेल्या
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

सकाळी अधीक्षक म्हणाले, झेलाबाई, संस्थेची बदनामी होते.
कडी बाहेर लावा, नाहीतर तुम्ही बाहेर व्हा.

नंबर तिनंच दाखवला.
शाळेच्या भिंतीवर आबांचा फ्लेक्स, हात जोडलेले.
"याच्यामागे लिहिलंय," ती म्हणाली, "लहान मुलांसाठी.
फुकट लागतो. फ्लेक्स लावायच्या आधी मी वाचला होता."
विळ्यानं मी आबांचा खांदा उचकटला.
एक, ती म्हणाली. शून्य. नऊ. आठ.
मी दाबत गेले.
पलीकडून कुणी बाई बोलली, सांगा, मी ऐकतेय.
मी तोंड उघडणार,
तर पोरीनं हात पुढे केला. फोन मागितला.

चौकीत फौजदार लिहीत होते, "सदर इसम."
मी म्हटलं, इसम नका लिहू. नाव आहे त्याला.

पंचनाम्याला माणसं आली तोवर
चुलीमागच्या भिंतीला चुना फासलेला.
फासू दे. कोळसा चुन्यातून वर येतो,
चूल मला माहीत आहे.

आता तारखेला एसटीनं नंदुरबारला जाते.
आबा पंख्याखाली बसतात, मी व्हरांड्यात.
नोकरी गेली. निघताना नव्या बाईला
कडी लावून, काढून, पुन्हा लावून दाखवली.
आणि एवढंच सांगितलं:
ताट वाढताना बघू नको,
उचलताना बघ.