डिकी

दुपारपाळी सुटली की सीपीआरच्या गेटवर
स्कार्फ बांधते, डोळे तेवढे उघडे.
शिवाजी पूल, पुढं वडणग्याचा रस्ता,
दोन्ही अंगाला ऊस, माणसापेक्षा उंच.
पाला वाजला तरी कुणी कुजबुजल्यागत वाटतं.

त्या रात्री उजेडात आधी एक चप्पल आली.
मग आडवी मोटरसायकल, मागचं चाक फिरत होतं अजून.
मग एक जण पालथा,
आणि उकिडवा बसलेला दुसरा, हात वर करून,
"ओ ताई, ओ ताई…"

चाक फिरतंय म्हणजे आत्ताच पडलेत,
हे मला कळलं. कळणं हेच माझं काम.
पालथ्याला उताणं करताना मान कशी धरायची,
ते हाताला पाठ आहे.
आणि तेवढ्याच क्षणात हेही कळलं
की उसात किती माणसं दबा धरून बसू शकतात.
शियेच्या वाटेला कुणीतरी पाळणा ठेवला होता म्हणे,
आत बाहुली. कुणाला लुटलं, पुढं काय केलं,
सांगणारीला नाव-गाव ठाऊक नव्हतं.
मला मात्र तो पाळणा दिसतो, झालरीसकट.

हातानं ॲक्सिलरेटर पिळला.
मी पिळला, असं मी म्हणत नाही.

फाट्यावर पंक्चरच्या दुकानाला बल्ब होता.
थांबले. एकशे आठ लावला.
पेशंट शुद्धीवर आहे का?
माहीत नाही.
श्वास?
माहीत नाही.
जवळ जाऊन बघू शकाल का, मॅडम?

हाच प्रश्न मी किती जणांना विचारलाय,
वॉर्डातल्या फोनवरून, ट्यूबलाइटखाली,
शेजारी चहा निवत असताना,
जरा चढ्या आवाजातच.

तुमचं नाव?
वनिता कुराडे.
स्टाफ नर्स, हे सांगितलं नाही.

मोमीनचाचा शटर अर्धं ओढून ऐकत होते.
साठीचे, एका डोळ्यात मोतीबिंदू.
"जाऊया काय दोघं?" म्हणाले. "टॉमी घेतो हातात."

गेलो. तोवर दुधाच्या टेम्पोनं
दोघांना उचलून नेलं होतं, असं
मागून आलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला.
चप्पल तिथंच, अंगठा तुटलेली.
चाचांच्या बॅटरीत रस्ता थोडा ओला.
ऑइल असेल.
मी वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीचं रजिस्टर
माझ्या टेबलावरून दोनदा गेलं.
दोन्ही वेळा मी सलाईन मोजत होते.

आता डिकीत गॉजचं पाकीट असतं, हातमोजे, कात्री,
आणि त्याला खेटून एक पुडी:
आईनं कुटलेलं संकेश्वरी तिखट,
वस्त्रगाळ, डोळ्यात सरळ जाईल असं.
खड्ड्यात गाडी आदळली की पुडी सुटते जराशी.
परवा डिकी उघडली, तर
पांढऱ्या गॉजवर लाल डाग.

गॉज बदलला.
पुडी तिथंच आहे.