रकाना

खारघरच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
फॉर्मवर लिहिलेलं : रुग्णाशी नाते.
मी पेन धरून बसले.
मागच्या खेपेला ‘प्रतिपालक’ लिहिलं, तर
काउंटरवरची म्हणाली, म्हणजे मावशी का?

वैजू जिन्यात मध्येच उकिडवी बसायची.
आम्हाला वाटायचं, मुंग्या बघते.
आठ महिने वाटत होतं.
मग एके दुपारी ओठ जांभळे,
आणि घरात जांभळं नव्हती.

आता तिच्या छातीवर थंडगार जेल.
पडद्यावर काहीतरी उघडतं, मिटतं,
मिटताना जरा अडखळतं.
‘हे माझंय?’
(तिच्या नावावर आजवर एक दप्तर,
दोन फ्रॉक आणि संस्थेची फाइल.)
‘तुझंच,’ डॉक्टर म्हणाले.
‘जाताना परत द्यायचं नाही ना?’
डॉक्टरांनी चष्मा पुसला, बराच वेळ.

ऑपरेशनला माझी सही चालत नाही.
समितीची लागते.
शुक्रवार गेला. शनिवार, रविवार सुट्टी.
मी टेकडीकडे बघत राहिले,
ती तिच्या नखांकडे.
सोमवारी चारला कागद फोनवर आला,
शिक्का तिरका, आडनावात चूक,
पण आला.

‘रात्री सोबत कोण?’ सिस्टरनं विचारलं.
तिथं मी भराभर लिहिलं,
नाव, पत्ता, रक्तगटसुद्धा, कुणी मागितला नव्हता तरी.

वरचा रकाना तसाच होता.
मी पाणी भरून आले तोवर
वैजूनं त्यात पेनानं
एक मुंगी काढली होती.
पाय सात.

मी खोडली नाही.
काउंटरवरचीनंही काही विचारलं नाही.