बासष्ट पावलं

आमचं गाव सगळंच नदीकडं कललेलं.
ताटातलं वरण आपसूक एका कडेला जातं.
म्हणून ऑइल बघायचं तर गाडी
ग्रामपंचायतीपुढच्या सिमेंटवर न्यावी लागते.
तेवढीच काय ती सपाट जागा,
ठेकेदाराच्या हातून चुकून बरोबर झालेली.

इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं,
वर चढलेलं तेल खाली उतरू द्यायचं.
मग बोनेटला दांडी लावते,
पिवळं कडं ओढते,
यांच्या जुन्या खाकी पॅन्टच्या चिंधीनं पट्टी पुसते,
पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
आणि आडवी धरून,
थेंब धावू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत
बासष्ट पावलं घरी.

कौतिका ओट्यावरून विचारते,
"काय नेऊन राह्यली वं? कोनाचं औषध होय?"
"औषधच समज, माय."

हे बाजेवर, निंबाखाली.
सत्तावीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली,
आता उजवा हात मांडीवर असतो
दुसऱ्या कोणी ठेवायला दिल्यासारखा.
सगळ्या शब्दांतला एकच मागं राहिला : हाव.
पाणी पाहिजे, हाव.
पाणी नको, तरी हाव.
फरक सगळा सुरात.
तो सूर शिकायला मला
गाडी शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.
आणि गाडी मी यांच्यामागं नाही शिकले,
यांच्यासमोर शिकले,
तुरीच्या मोकळ्या वावरात,
प्रत्येक गिअरला बांधावरून एक हाव.

मोह पडायच्या दिवसांत एकदा
तेल वरच्या खुणेच्याही वर दिसलं.
घातलं तर नव्हतं कोणी.
मी हरखले. या घरात
न आणता वाढलेली ही पहिलीच वस्तू.
यांनी डाव्या चिमटीत थेंब घेतला,
चोळला, नाकाशी नेला,
आणि असं हाव म्हटलं
की पायाखाली साप दिसावा.

मी वास घेतला. काळं तेल, बस.
पुन्हा घेतला.
तिसऱ्यांदा, काळ्याच्या तळाशी,
पेट्रोल.

दिग्रसच्या अन्सार मिस्त्रीनं पंप उघडला,
आतला पडदा फाटलेला,
पेट्रोल थेंबाथेंबानं तेलात उतरत होतं.
पातळ झालेलं तेल नुसतं दिसायला भरपूर,
घासणाऱ्या लोखंडाला त्याचा काय उपयोग.
"ताई, असंच चालवलं असतं तर इंजिन बसलं असतं.
कोनं सांगितलं तुमाले?"
घरी आहे एक, म्हटलं.

काढलेलं तेल कॅनमध्ये आणलं,
गोठ्याच्या खांबांना फासलं, उधईसाठी.
नखात काळी रेघ राहून गेली.
चार दिवस भाकरी थापताना
हे माझ्या हाताकडं बघत होते,
भाकरीकडं नाही.

आज रविवार.
नवं तेल इतकं नितळ
की पट्टी उन्हाकडं कलती करून शोधावं लागलं.
दोन खुणांच्या मधोमध.
चालत आले, आडवी धरून, एक थेंब न सांडता.
यांनी घेतली,
पाहिलीसुद्धा नाही,
लुंगीच्या कोपऱ्यानं निपटून स्वच्छ पुसली
आणि परत हातात दिली.
हाव.

पहिल्यांदा काढलेली पट्टी खरी नसते,
पुसून पुन्हा बुडवायची असते,
हे मला यांनीच शिकवलेलं.
मी तिकडं पुसली होती, खरंच पुसली होती,
पण सिमेंट काही इथून दिसत नाही,
आणि या सुराशी वाद घालता येत नाही.

बोनेट उघडंच ठेवून आले होते.
फिरले.
कौतिका अजून ओट्यावरच बसलेली.